एकदम की पंधरवड्याने?

शिवडी म्हणजे मुंबईतली गोदामांची जागा. आपल्या गावागावांतले कितीतरी गडी तिथे ओझी वाहायला गेले. जिथे ओझे, तिथे अपघाताचे भय.

२०२१ सालची गोष्ट. शिवडीच्या एका गोदामात आमच्या ओळखीच्या एका गड्याच्या उजव्या हातावर पेटी पडली. त्याचे वय ४० वर्षे, पगार महिना १०,००० रुपये. डॉक्टर म्हणाले, "अजून वर्षभर काम जमणार नाही."

मुकादम घरी आला. म्हणाला, "हे घे रोख २५,००० रुपये. कागदावर डावा अंगठा कर."

घरात पैशाची नड. गडी तयार झाला. पण त्याची बायको आमच्या वर्गात वाचायला शिकली होती. तिने अक्षर अक्षर लावून कागद वाचला. शेवटी लिहिले होते, 'यापुढे माझे काही मागणे नाही.' ती म्हणाली, "थांबा. आधी गुरुजींना दाखवू."

आम्ही पाटीवर हिशेब मांडला. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. हात बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा द्यावा, असे त्यात होते. म्हणजे पंधरवड्याला २,५०० रुपये. महिन्याला ५,०००. वर्षाचे झाले ६०,०००. मुकादम देत होता २५,०००!

आणखी एक गोष्ट. हात कायमचा अधू झाला तर त्याची भरपाई वेगळी, आणि ती एकरकमी. समजा, अंगठाच गेला. कायद्यात त्याचे ३० टक्के धरले आहेत. पगाराचे ६० टक्के म्हणजे ६,०००. चाळीस वर्षांच्या माणसाचा आकडा १८४.१७. दोहोंचा गुणाकार ११,०५,०२०. त्याचे ३० टक्के म्हणजे ३,३१,५०६ रुपये. तो कागद हेही बुडवू पाहत होता.

गड्याने अंगठा केला नाही.

मग एकरकमी पैसे वाईट का? तसे नाही. कर्ज फिटते, लहानसे दुकान निघते. पण रक्कम लग्नकार्यात गेली तर पुढे चूल कशावर पेटणार? पंधरवड्याच्या पैशाने रोजची भाकरी चालते. पंधरवड्याचे पैसे एकरकमी करून घेता येतात. पण आधी पुढचे सगळे पंधरवडे मोजावेत. तडजोडीची सरकारी अधिकाऱ्याकडे नोंद करावी. रक्कम फार कमी असेल तर अधिकारी नोंद नाकारू शकतो.

हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ज्याचा राज्य कामगार विमा आहे, त्याला मालकाऐवजी विमा महामंडळ पैसे देते. कायमचे अपंगत्व आले तर ते सहसा दरमहा, जन्मभर मिळतात.

लक्षात ठेवा: आधी वाचा, मग मोजा, मग सही करा.

प्रश्न: पगार १२,००० रुपये असेल तर पंधरवड्याला किती मिळतील?