हात बसू दे, मग प्रमाणपत्र

मुलुंड (पूर्व)
गुरुवार

चि. मनूस,


काल रात्री वहिनीचा फोन आला होता. अप्पांच्या श्राद्धाला कोण कोण येणार ते विचारायला केलेला, पण बोलता बोलता हसत म्हणाली, "मनूचं ते ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं, कोहाचं, ऑनलाइन शिक्षण अगदी जोरात आहे. इकडे व्हिडिओ चालू, तिकडे भाजी निवडणं चालू. आणि चाचणीची उत्तरं ग्रुपवर येतातच." तिला त्यात तुझी हुशारी दिसली. मला मेलीला रात्रभर झोप नाही.

वहिनी तिखटमीठ लावते हे मला ठाऊक आहे. तुझ्या बारशाला दोनशे पान उठलं असं ती अजून सांगते. वाढायला मी होते, किती पान उठलं ते मला विचार. म्हणून तिच्या बोलण्यातलं निम्मं मी सोडून दिलं. उरलेल्या निम्म्यानेच झोप उडवली. तर खरं सांग, उत्तरं ग्रुपवरून घेतेस का?

आपल्या घरात हे पहिल्यांदा होतंय असं नाही. दादाचं एमएस-सीआयटी आठव. वेतनवाढ अडेल या भीतीने तेव्हा सगळं सरकारी ऑफिस त्या संगणकाच्या परीक्षेला बसत होतं. दादाने कुठल्या मेनूत काय आहे ते तोंडपाठ केलं, पास झाला, पेढे वाटले. पुढे निवृत्त होईपर्यंत साधं पत्र छापायचं असलं तरी पलीकडच्या टेबलावरच्या मुलाला हाक मारायचा. त्याचं निभलं, कारण त्याचं काम दुसरं होतं. तुझं तर कामच हे आहे.

तू म्हणशील, आत्या, एका चाचणीने एवढं काय बिघडतं? ऐक. तुमच्या अंधेरीच्या ग्रंथालयातल्या जुन्या नोंदी जुन्या फॉन्टमध्ये आहेत, असं तूच गणपतीत मला म्हणालीस. त्या कोहात नेल्या की मराठीच्या जागी नुसता चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणजे कितीतरी पुस्तकं पुन्हा हाताने चढवावी लागणार, आणि ती चढवणार तू. तिथे कोहा एक सोय देतो: झेड ३९.५० वरून दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद ओढून घ्यायची. दोन क्लिकमध्ये काम फत्ते. पण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली मराठी पुस्तकाची नोंद बहुधा रोमन लिपीत असते, अक्षरांखाली टिंबं आणि डोक्यावर रेघा. ती जशीच्या तशी ठेवलीस, तर अंधेरीतल्या एखाद्या आजोबांनी देवनागरीत लेखकाचं नाव टाकल्यावर पडद्यावर काय येईल? काही नाही. पुस्तक समोरच्या कपाटात, आणि आजोबा रिकाम्या हाताने घरी. जुन्या पुस्तकांना तर आयएसबीएनच नाही, त्यामुळे तो नंबर टाकून तयार नोंद शोधायचा रस्ताही बंद. तिथे पुस्तक हातात घेऊन, मुखपृष्ठाच्या आतलं पान वाचून, स्वतःच नोंद करावी लागते.

आणि आपले लेखक! कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी. माणूस एक, नावं दोन. पु. लं.ना तर आद्याक्षरांत जागा सोडून, न सोडून, आडनाव आधी, आडनाव मागून, असं चार तऱ्हांनी चढवलेलं मी पाहिलं आहे. चारही ठिकाणी त्यांची थोडी थोडी पुस्तकं. आमच्या वेळी तालिकेच्या लाकडी खणात एक जादा कार्ड घालत असू: या नावासाठी त्या नावाखाली पाहा. कोहात तेच काम अधिकृत नावांच्या नोंदींनी होतं. तो धडा कितवा आहे कोण जाणे, पण भाजी निवडताना निसटायचा तो हाच. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या'सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो. आपल्या डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. ग्रुपवरच्या 'अ, क, ड, ब' मध्ये यातलं काय असतं?

हे सगळं आत्याला कसं माहीत, असा प्रश्न तुला पडला असेल. निवृत्तीनंतर शिकले. नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर, दुपारी, त्याची शाळा सुटेपर्यंत. उपयोग काही नव्हता. नोकरी संपलेली होती.

तुला हे कधी सांगितलं नाही. मी पंचविशीत असताना चर्चगेटला एसएनडीटीत बी. लिब.साठी फॉर्म आणला होता. सहायक म्हणून लागले होते, सरकारचं ग्रंथालय प्रमाणपत्र तेवढं होतं. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, आणि तो कपाटात साड्यांच्या घडीखाली राहिला. कुणी नको म्हटलं नाही गं. सासूबाईंनी फक्त विचारलं, संध्याकाळचं कसं करायचं? मी म्हटलं, बघू पुढच्या वर्षी. पुढे ग्रंथालयात पहिला संगणक आला. तुझ्याएवढी एक मुलगी आली, बी. लिब. झालेली, स्वभावाने फार चांगली. ती मला म्हणायची, ताई, बसा ना, दाखवते. मी हसून म्हणायचे, तूच कर बाई, मला लेबलं लावू दे. मग मी लेबलंच लावत राहिले. कुठल्या सभासदाला कुठलं पुस्तक आवडेल हे मला न बघता सांगता यायचं, पण हळूहळू मला कुणी विचारेनासं झालं. सगळे संगणकाच्या टेबलाकडे जायचे, आणि माझं टेबल खिडकीपाशी होतं.

म्हणून ते उत्तरांचं ऐकून माझा जीव वरखाली होतो. मला अपमानाची भीती नाही, अपमान सोसता येतो. तुला येत नाही हे तू झाकून ठेवशील आणि मग लाजेने आपण होऊन खिडकीपाशी जाऊन बसशील, याची मला भीती वाटते. कुणी ढकलत नाही तिथे. आपणच जातो.

आता एवढं बोलल्यावर तुझी बाजूही मला दिसते. घाटकोपरहून मेट्रोत चढायचं, उभ्यानेच अंधेरी गाठायची. खांद्यावरची पर्स सांभाळत, एका हाताने दांडी धरून धडा बघायचा. दिवसभर पुस्तकांची देवघेव. दिवाळी अंकांची योजना सुरू झाली की काउंटरवर रांगच रांग, एकाला एक अंक हवा, दुसऱ्याला तोच. संध्याकाळी घर, लेकाचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. रात्री दहाला फोन मोकळा होतो तेव्हा तुझे डोळे मिटायला लागतात. आणि वरून सगळे म्हणणार, तुमच्या सवडीने शिका. सवड मुंबईत कुठल्या बाईला असते? माझ्या फॉर्मला संध्याकाळ मिळाली नाही, तुझ्या व्हिडिओलाही मिळत नाहीये. फरक एवढाच, की मला दोष द्यायला चर्चगेटची गाडी तरी होती; तुझा वर्ग फोनवरच, त्यामुळे तुला तीही नाही.

तेव्हा माझं पहिलं सांगणं असं: ग्रंथालयाच्या कार्यवाहांकडे जा आणि कामाच्या वेळेतला रोज एक तास माग. दुपारची, सभासद कमी असतात ती वेळ. लेखी माग, गोड बोलून माग, पण माग. ग्रंथालयासाठी शिकतेस, मग घरची वेळ का द्यायची? पगार किती आणि अनुदानाचा हप्ता येतो कधी, हे मी तुला सांगायला नको. तास तर देतील.

दुसरं, रोज एकच गोष्ट शीक. २००६ साली अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हेलन ब्लोवर्स या बाईंच्या पुढाकाराने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक कार्यक्रम काढला होता. इंटरनेटवरच्या नव्या साधनांच्या २३ छोट्या गोष्टी, ज्याने त्याने आपल्या वेगाने, हाताने करून बघायच्या. पूर्ण करणाऱ्याला एमपी थ्री प्लेअर बक्षीस. पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी ते उचललं. त्यात मला आवडलेली गोष्ट ही, की ऐकून कुणाचं भागत नव्हतं. करूनच बघावं लागायचं. तूही तसंच कर. कपाटातून चार पुस्तकं काढ: एक टोपणनावाचं, एक अनुवादित, एक आयएसबीएन नसलेलं, एक दिवाळी अंक. नोंदीच्या मार्क साच्यात १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ०८२ मध्ये वर्गांक. मराठी साहित्याचा ८९१.४६ तर तुला झोपेतही येतो. चढव, मग सभासद होऊन शोध. सापडलं नाही तर का, ते विचार. चुकलेली नोंद पुसता येते.

मार्क वगैरे नावं ऐकून दबू नकोस. कोहा काही मोठ्या विद्यापीठात जन्मलेलं नाही. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहान भागातल्या ग्रंथालयाला कळलं, की आपली जुनी यंत्रणा नव्या सहस्रकाचं साल पेलणार नाही. म्हणून ते बनवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये चालू केलं, आणि सगळ्यांना फुकट वापरायला मोकळं ठेवलं. तुमच्यासारख्याच ग्रंथालयाच्या नडीतून ते आलं.

आणि कंटाळा येतो म्हणशील, तर आपल्या ग्रंथालयशास्त्रातले खुद्द रंगनाथन आठव. १९२४ मध्ये गणित शिकवणं सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून म्हणाले, मला परत वर्गात पाठवा. त्यांना सांगितलं, आधी लंडनला जाऊन ग्रंथालयं बघा, मग ठरवा. पुढचं तू परीक्षेला पाठ केलं आहेस. तुला लंडनला कोण पाठवणार, पण तासभर तरी मिळायला हवा ना?

झालं, ओरडून झालं. वाचून रडली नसशील ना? तू लहानपणी माझ्याकडे यायचीस तेव्हा ग्रंथालयाच्या टेबलाखाली बसून परत आलेली पुस्तकं रंगांप्रमाणे लावायचीस, आणि मी ती पुन्हा वर्गांकाने लावली की भांडायचीस. तेव्हाच मला वाटलं होतं, ही आपल्या धंद्यात येणार. आलीस, तो माझ्या आयुष्यातला मोठा आनंद आहे. कधी बोलले नाही, कारण आपल्या घरात असं कुणी बोलत नाही.

हे मेलं कोहाचं प्रमाणपत्र एक महिना उशिरा आलं तरी चालेल. अर्धवट राहिलं, तरी तू माझी मनूच. फक्त जे कळलं नाही ते झाकू नकोस, माझ्यापासून तर नाहीच. रविवारी मी घाटकोपरला येते. लेकाला मी बागेत नेईन, सासूबाईंशी गप्पा मारीन, स्वयंपाकाचं बघेन. तू आतल्या खोलीत दार लावून बस. अडलं तर हाक मार. आपण दोघी मिळून डोकं लावू. मलाही सगळं येतं असं नाही. बरोबरीला कुणी असलं की बरं वाटतं, एवढंच.

जेवत जा वेळेवर. मेट्रोत पर्स पुढे घे.

तुझी
आत्या

ता. क. तुझ्या फोनचा तीन महिन्यांचा रिचार्ज मी नातवाकडून करून घेतला आहे. वहिनीला सांगू नकोस, नाहीतर श्राद्धाला सगळ्या पंगतीला कळेल.