घरातला पेट्रोल-डिझेलचा डबा

आरोग्याच्या पानावर पेट्रोलच्या डब्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्याला या डब्याची ओळख फार जवळून होते. इंजिनवरचा फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, विहिरीवरचे डिझेल इंजिन, लग्नाच्या मांडवातला जनरेटर अशा ना त्या कारणाने आज कितीतरी घरांत पाच-दहा लिटर इंधन पडून असते. पूर्वी स्टोव्हचे रॉकेल प्यालेली मुले माझ्याकडे येत. स्टोव्ह कमी झाले तशी ती कमी झाली. आता पेट्रोल आणि डिझेल प्यालेली येतात.

दोन वर्षांपूर्वी अडीच वर्षांच्या एका मुलाला आईने पदराखाली धरून आणले. ओठाला, झबल्याला डिझेलचा वास. घरात शीतपेयाच्या बाटलीत डिझेल काढून ठेवले होते, तेही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. मी वडिलांना विचारले, "घरी मोठा कॅन होता ना, मग बाटलीत कशाला काढले?" ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्या कॅननं ओतायला गेलं की निम्मं भुईवर सांडतं. बाटलीनं नीट ओतता येतं." त्या उत्तरात सगळा रोग आला. कॅन गळतो किंवा धड ओतत नाही, म्हणून बाटली येते, आणि बाटली मुलाच्या हाताला लागते. त्यात आजीने उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजले होते. मुलगा आठ दिवस जिल्हा रुग्णालयात राहून बरा झाला.

इंधन पोटात गेले तर त्रास होतोच, पण खरा धोका फुफ्फुसाला असतो. पेट्रोल, डिझेल, रॉकेल हे पदार्थ पाण्यासारखे पातळ आणि पसरणारे. गिळताना किंवा उलटी होताना त्याचे थोडेसे थेंब श्वासनलिकेत उतरले तरी ते फुफ्फुसाच्या आतल्या पडद्यावर भराभर पसरतात आणि तेथे सूज आणतात. याला रासायनिक न्यूमोनिया म्हणतात. म्हणूनच उलटी करवणे हा उपाय नसून दुसऱ्यांदा दिलेला धोका आहे.

आता डब्याकडे वळू. पहिली गोष्ट, पेट्रोल आणि डिझेल यांना एका मापाने मोजू नये. डिझेल व रॉकेल साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेण्याइतकी वाफ देऊ लागतात. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तेवढे तापमान सहज होते, हे लक्षात असू द्यावे. पेट्रोल मात्र शून्याच्या चाळीस अंश खालीही पेट घेईल एवढी वाफ देते. म्हणजे आपल्याकडे ते बाराही महिने तयारच असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि दहा-पंधरा हातांवरच्या चुलीपाशी पोचते.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवे : काचेचे किंवा चिनी मातीचे असल्यास १ लिटरपर्यंत, धातूचे असल्यास २५ लिटरपर्यंत. त्या यादीत प्लॅस्टिक नाही. तेव्हा पेट्रोलसाठी पोलादी पत्र्याचा, पाच किंवा दहा लिटरचा, घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. वीस लिटरचा घेऊ नये. पेट्रोलचे वजनच पंधरा किलोच्या आसपास भरते, आणि जड डबा ज्याचा हात थरथरतो त्याच्याकडून सांडतोच.

डिझेलला जाड प्लॅस्टिकचा कॅन चालतो. बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल तर ते प्लॅस्टिक योग्य. १ आकड्याच्या बाटल्या पाण्यासाठी आणि शीतपेयासाठी असतात. त्यांची झाकणे इंधनासाठी केलेली नसतात आणि त्यांचे रूप मुलाला ओळखीचे असते, हा त्यांचा मोठा दोष. कीटकनाशकाचा रिकामा कॅन तर कधीही वापरू नये. तीनदा विसळला तरी औषधाचा अंश राहतो, आणि मूल प्याले तर नुसते डिझेल की त्यात विषही, हे डॉक्टरला कळणे कठीण होते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

ज्याला आपण जेरीकॅन म्हणतो तो मूळचा जर्मन. १९३७ च्या सुमारास तो जर्मन सैन्यासाठी तयार झाला. ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे आफ्रिकेच्या वाळवंटात इतके गळत, की त्यांनी शत्रूचे डबे पळवून वापरले आणि पुढे तशीच नक्कल केली. जर्मनांना ते 'जेरी' म्हणत, तेच नाव डब्याला चिकटले. त्या डब्यात शिकण्यासारखे आहे. झाकण आट्यांचे नसून खटक्याचे, त्यामुळे ते दाबून बसते. तोंडापाशी आत एक बारीक हवेची नळी असते, त्यामुळे ओतताना गचके बसत नाहीत.

हे गचके का बसतात? डब्याला एकच तोंड असते. तेल बाहेर पडले की आत पोकळी होते आणि हवा त्याच तोंडातून तेलाला ढकलत आत घुसते. मग गुळगुळ आवाज होतो, धार तुटते आणि सांडते. उपाय सोपा आहे. चपट्या कॅनचे तोंड एका कडेला असते. ओतताना कॅन अशा बाजूने वळवावा की तोंड वरच्या अंगाला राहील. धार बारीक पडते, वरून हवा आत जाते आणि गचका बसत नाही. बहुतेक लोक नेमके उलटे, तोंड खालच्या अंगाला धरून ओततात. घेतानाच तोटी आणि मागच्या बाजूला हवेचे छोटे बूच असलेला कॅन मिळाला तर आणखी उत्तम. नरसाळे जाळीचे आणि रुंद असावे, आणि ते इंधनासाठीच वेगळे ठेवावे. घरातले तेलाचे नरसाळे घेऊ नये.

हवेसाठी जुन्या कॅनला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडणारे पुष्कळ. जुन्या पत्र्याच्या डब्याला झाळ लावून घेणारेही आहेत. माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नये. रिकामा दिसणारा डबा रिकामा नसतो, तो वाफेने भरलेला असतो, आणि भरलेल्या डब्यापेक्षा तोच जास्त जोराने फुटतो. चेहरा आणि दोन्ही हात भाजलेला असा एक कारागीर मी पाहिला आहे. बदल करायचाच असेल तर कोऱ्या, इंधन कधीही न भरलेल्या कॅनवर दुकानदाराकडून करून घ्यावा. गळका जुना डबा भंगारात द्यावा, आणि देताना त्यात काय होते ते सांगावे.

गळतीचे दुसरे कारण झाकणातला वायसर. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते रबर पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि महिन्याभरात पुन्हा गळू लागते. स्पेअर पार्टच्या दुकानात नायट्राइल रबराचा वायसर मिळतो, तो टिकतो. झाकण हाताने घट्ट करावे, पान्ह्याने नाही, नाहीतर आटे जातात. प्लॅस्टिकच्या कॅनला भेग गेली तर वरून चिकटवलेला मसाला टिकत नाही. नवा कॅन आणल्यावर आधी पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर आडवा ठेवावा. सकाळी कागद ओला नसेल तर कॅन चांगला. (आमचे पान वाचून झाल्यावर घ्यावे.) मग मात्र तो उन्हात पूर्ण वाळवावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि पाणी मिसळले की ते पाण्याबरोबर तळाला बसते.

कॅन गळ्यापर्यंत भरू नये. दहा लिटर पेट्रोल पहाटेच्या २० अंशांवरून दुपारच्या ४५ अंशांवर गेले तर जवळजवळ पाव लिटर फुगते आणि वाट काढतेच. पंपावर भरताना डबा गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवावा आणि नळीचे तोंड डब्याला टेकवून भरावे, म्हणजे घर्षणाची वीज ठिणगी पाडत नाही. यंत्रात ओतण्यापूर्वी इंजिन बंद करून दहा मिनिटे थंड होऊ द्यावे. विडीवाल्याला लांब बसवावे. डबा झोपण्याच्या खोलीत नको. पेट्रोलमधले बेंझीन रोज थोडे थोडे श्वासात जाणे रक्ताच्या कर्करोगाशी जोडले गेले आहे.

तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय तरुण मुलांना फार. एक घोट चुकून आत गेला की मुलाच्या फुफ्फुसाला होते तेच यांच्याही होते. हाताने दाबण्याचा रबरी फुगा असलेली नळी थोडक्या पैशांत मिळते. ती घ्यावी.

एवढे करूनही कोणी इंधन प्यालेच, तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध, तूप काहीही देऊ नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, मुलाला बसते धरावे आणि डबा किंवा बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. पिताना ठसका लागला असेल, खोकला, जलद श्वास किंवा ओठांना निळसरपणा असेल तर एक क्षणही थांबू नये. मूल खेळते आहे म्हणूनही घरी ठेवू नये. त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो, आणि सुरुवातीचा एक्स-रे निर्मळ असू शकतो. निदान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे लागते. डोळ्यात उडाले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. भाजले तर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद लावून आणले की ते काढण्यातच आमचा वेळ जातो आणि रुग्णाला दुप्पट वेदना होतात.