खोक्यावरचा आकडा बघू नका

दरवर्षी आयटीआयचा निकाल लागला की वेल्डर ट्रेडची दोन-चार पोरं माझ्या वर्कशॉपवर येतात. प्रश्न एकच, "काका, पहिलं मशीन कुठलं घेऊ?" ऊसपट्ट्यात ट्रॉल्या, गेट, ग्रिल, पत्र्याची शेड करण्यात माझी चोवीस वर्षं गेली. त्या पोरांना तोंडी सांगतो तेच इथे लिहितोय.

१. आधी काम ठरवा.
गेट, ग्रिल, शेड, नांगर-कुळव एवढंच काम असेल तर आर्क, म्हणजे आपलं रॉडचं वेल्डिंग, पुरतं. रॉडवरचं आवरण जळून त्याचा वायू जोडाला हवेपासून जपतो आणि वर स्लॅगचं पांघरूण बसतं, म्हणून उघड्यावरही ते चालतं. मिगला आमच्याकडे सीओटूच म्हणतात. त्यात तार आपोआप येते, हात भरभर चालतो, स्लॅग झोडत बसावं लागत नाही. पण गॅस सिलिंडरमधून येतो. वारा सुटला की तो उडून जातो आणि जोडाला बारीक भोकं पडतात. सीओटू हे आडोशाचं काम. टिग म्हणजे आर्गॉन, ते स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगला, हॉटेलच्या टेबलांना, डेअरीच्या पाइपांना. ॲल्युमिनियम जोडायचं असेल तर एसीची सोय असलेलंच टिग घ्या. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर. तो थर एसीच फोडतो. नुसतं डीसी टिग घेऊन नंतर हळहळणारे मी पाहिलेत.

२. मशीनच्या पाठीवरची पट्टी वाचा.
माझं पहिलं इन्व्हर्टर मशीन मी खोक्यावरच्या ठसठशीत '२५०' वर विश्वास ठेवून घेतलं. गळीत हंगामाच्या तोंडावर ४ मिमीचा रॉड लावून ट्रॉलीची चेसिस जोडायला बसलो, तर दोन रॉड झाले की पिवळा दिवा आणि मशीन बंद. ते निवेपर्यंत हात बांधून बसायचं. दारात शेतकरी उभा, ट्रॉली अर्धी. त्या रात्री मशीन उलटं करून पाठीमागची पट्टी पहिल्यांदा वाचली. 'एक्स' लिहिलेल्या ओळीत २० टक्के होते, खाली अँपिअर १६०. म्हणजे दहा मिनिटांत दोनच मिनिटं चालवायचं आणि आठ मिनिटं विश्रांती. यालाच ड्यूटी सायकल म्हणतात. २०० अँपिअरला ६० टक्के लिहिलं असेल तर १५० च्या आसपास ते मशीन न थांबता चालतं. रोजच्या धंद्याला असं मशीन लागतं. दुकानदार पट्टी दाखवायला टाळाटाळ करत असेल तर उठून या.

३. आपली लाईट मोजा.
२०० अँपिअरवर वेल्डिंग करताना सिंगल फेजच्या इन्व्हर्टर मशीनला ४० अँपिअरच्या आसपास करंट ओढावा लागतो. घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट तिथे वितळतं. वायर, एमसीबी आणि मंजूर लोड आधी बघा, मग मशीनचे पैसे मोजा. ज्यांच्याकडे थ्री फेज आहे आणि जाड काम रोजचं आहे, त्यांनी थ्री फेजचंच घ्यावं. जुनं तेलाचं ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट खरं, पण वीज जास्त खातं आणि साइटवर न्यायला चार माणसं लागतात.

४. छान दिसणारा जोड धरलेला असेलच असं नाही.
ही गोष्ट मनाला लागलेली आहे. सीओटू नवीन घेतलं तेव्हा एका ट्रॉलीच्या दांडीची १२ मिमीची प्लेट मी त्याच्यावरच जोडली. ०.८ ची तार, करंट कमी, कडांना खाचही काढली नव्हती. जोड असा देखणा आला की गिऱ्हाइकाने पाठ थोपटली. महिन्याभरात भरल्या उसाची ट्रॉली चढाला सुटली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. तुटलेली प्लेट हातात घेतली तर वेल्डिंगखाली ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे होते. माल वर नुसता चिकटला होता, लोखंड वितळलंच नव्हतं. तेव्हापासून जिथे माणसाचा जीव टांगलेला आहे, अशा जाड जोडाला मी कडा तासतो, ७०१८ चा रॉड लावतो आणि थरावर थर देतो. पोरांनाही आधी दोन तुकडे जोडून, शिकंज्यात धरून घणाने मोडायला लावतो. आतलं बघितल्याशिवाय सेटिंगवर विश्वास ठेवायचा नाही.

५. रॉड कोरडा ठेवा.
६०१३ रोजच्या कामाचा. २.५ मिमीला ६० ते ९० आणि ३.१५ ला ९० ते १३० अँपिअर, या अंदाजाने सुरुवात करा. ७०१८ मात्र ओल धरतो. त्या ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो आणि काम आटोपल्यावर तडा जातो. पावसाळ्यात तो ओव्हनमध्ये ३०० अंशांच्या वर भाजूनच वापरावा.

६. इन्व्हर्टर मशीन ग्राइंडरजवळ ठेवू नका. त्याचा पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो, ती कार्डावर बसते आणि कार्ड जळतं. महिन्यातून एकदा प्लग काढून कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा.

७. जस्त चढवलेला पाइप असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा आणि मोकळ्या हवेत बसा. तो पांढरा धूर रात्री थंडी-ताप आणतो. दूध प्यायल्याने तो उतरत नाही.

८. डोळे. काच न लावता टाके मारत गेलं की त्या वेळी काही वाटत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, उजेड सोसत नाही. मदतनीस पोरालाही काच हवी, तोही तिथेच उभा असतो.

पहिलं मशीन घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: २०० अँपिअर, ६० टक्के ड्यूटी सायकलचं आर्क इन्व्हर्टर घ्या, ज्याचं कार्ड तालुक्याच्या गावी दुरुस्त होतं असं. सीओटू दुसऱ्या वर्षी, धंदा बसल्यावर. आणि मशीन घ्याल त्याच दिवशी, त्याच बिलावर, दोन हेल्मेट घ्या.