पहिला ट्रॅक-डे आणि घरची गाडी

प्रश्न : माझ्याकडे 2019 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, मॅन्युअल गिअरची. मित्रांबरोबर कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक-डेला जायचं ठरतंय. गाडी रेसला लावायची नाही, एकदा मोकळ्या ट्रॅकवर मनसोक्त चालवून बघायची आहे. एक मित्र म्हणतो, एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि लोअरिंग स्प्रिंग टाकून घे. आमचे गॅरेजवाले काका म्हणतात, सर्व्हिसिंग पुरे. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काकांचं ऐका. मात्र काकांच्या मनातली सर्व्हिसिंग आणि ट्रॅकला लागणारी सर्व्हिसिंग यांत थोडा फरक आहे. तेवढी कामं शेजारी उभं राहून करून घ्या.

आधी जागा समजून घेऊ. हा ट्रॅक 2003 मध्ये सुरू झाला, लांबी साधारण 2.1 किलोमीटर. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते एस. करिवर्धन मारुती 800 चं इंजिन बसवून एकआसनी रेसिंग गाड्या बनवत असत. तेव्हा तिथे स्विफ्ट घेऊन जायला लाजू नका. पहिल्या खेपेला हा ट्रॅक चांगला, कारण इथले सरळ पट्टे आखूड आहेत. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचं आहे आणि तिथला एक सरळ पट्टाच किलोमीटरहून लांब आहे. तिथे लहान गाडीसुद्धा असा वेग पकडते की पुढच्या वळणाआधी नवख्याची भंबेरी उडावी. तारीख ठरवताना एक लक्षात असू द्या : ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोइंबतूरला परतीचा नव्हे, खास तिकडचा ईशान्य मोसमी पाऊस असतो. जानेवारी-फेब्रुवारी बरे.

दुसरी गोष्ट अंतराची. कोल्हापूरहून कोइंबतूर हजार किलोमीटरच्या आसपास. ज्या गाडीने जाणार, तिनेच सोमवारी ऑफिसला पोहोचायचं आहे. त्यामुळे गाडी वेगवान करण्यात पैसे घालू नका. ती थांबली पाहिजे आणि थंड राहिली पाहिजे. एक्झॉस्टने आवाज वाढेल, ताकद नावापुरती. लोअरिंग स्प्रिंग तर परतीच्या पहिल्याच बिनरंगाच्या गतिरोधकावर मित्राची आठवण करून देतील.

आता ब्रेक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पहिल्या ट्रॅक-डेला लोक फसतात ते बहुतेक इथेच.

माणसासकट तुमच्या गाडीचं वजन हजार किलो धरू. गावात पन्नासच्या वेगातून गाडी पूर्ण थांबवली, तर ब्रेकना जवळपास 96 किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. ट्रॅकवर 130 वरून 60 वर आलात, तर हाच आकडा 510 च्या पुढे जातो, म्हणजे पाचपटींहून जास्त. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याचा हा हिशोब. यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो आणि ढोबळ मानाने एकाच दाबात त्या 80 ते 100 अंशांनी तापतात. गावात पुढचा सिग्नल येईपर्यंत त्या निवतात. इथे अर्ध्या मिनिटात पुढचं वळण येतं, मग त्याच्या पुढचं.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. बाटलीतून नुकतंच ओतलेलं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा 140 वर येऊ शकते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155, डॉट 5.1 चे 260 आणि 180. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल मऊ पडून खाली जातं आणि गाडी मात्र धावतच राहते. गगनबावड्याकडचा पावसाळा काढलेल्या गाडीत 2019 पासून तेच ऑइल असेल, तर ते चहाच्या रंगाचं झालं असेल. झाकण उघडून बघा.

म्हणून काकांना पहिलं काम हे सांगा : जुनं ऑइल पूर्ण काढून सीलबंद बाटलीतलं नवीन डॉट 4 किंवा 5.1 भरायचं आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा नीट काढायची. नुसतं वरून भरलं म्हणजे बदललं असं होत नाही. दुकानदाराने ‘डॉट 5’ पुढे केलं तर घेऊ नका. नाव पुढचं वाटलं तरी ते सिलिकॉनचं असतं, वेगळ्या जातीचं, आणि तुमच्या गाडीच्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही. हे सगळं काम काही शे रुपयांत होतं. त्या फॅन्सी एअर फिल्टरपेक्षा स्वस्त.

पुढचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असावेत. नवे घालायचे असतील तर निघायच्या आदल्या दिवशी नको. पंधरा दिवस आधी घाला, म्हणजे ते डिस्कवर नीट बसतील. मागे ड्रम असतील तर लायनर उघडून बघायला सांगा, आतली धूळ साफ होईल एवढा तरी फायदा.

ट्रॅकवर ब्रेक दोन तऱ्हांनी इशारा देतात. पेडल घट्ट आहे, पाय जोर लावतोय, तरी गाडी हवी तशी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून पकड सोडतोय. पेडल मऊ पडलं म्हणजे ऑइल उकळतंय. पहिल्या प्रकारात एखाद-दुसरी फेरी हळू मारली की बहुधा जमतं. दुसऱ्या प्रकारात सरळ आत या, आणि गाडी निवल्यावरही हवा काढल्याशिवाय पुन्हा बाहेर पडू नका.

टायर नवेच हवेत असं नाही. कोरड्या ट्रॅकवर निम्मा झिजलेला चांगला टायर नव्या कोऱ्यापेक्षा बरा चालतो. नव्याचे उंच गट्टू वळणात लवतात, तापतात आणि कडेने तुटतात. पण टायरचं वय बघा. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात : 2219 म्हणजे 2019 सालचा बाविसावा आठवडा. तुमचे मूळ टायर अजून असतील, तर नक्षी कितीही शाबूत दिसो, ट्रॅकला नको. रबर वयाने कडक होतं. रस्त्याकडेला स्ट्रिप मारून काढलेलं पंक्चर असलेला टायरही नको. घरी परतताना हजार किलोमीटर चालवायला अर्ध्या इंचाची नक्षी लागत नाही, पण 1.6 मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा ट्रॅकवरच गाठलीत तर परतीचं काय, हा हिशोब आधीच करा.

हवेबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत ऐकाल. सकाळी थंड टायरमध्ये दाराच्या खांबावर छापलेला आकडा भरा आणि सुरू करा. टायर तापला की हवा आपोआप वाढते : दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय. तीसवरून सत्तर अंशांवर गेला की सहा वाढले. पहिलं सेशन संपून आत आलात की लगेच स्वतःच्या मीटरने मोजा आणि गाडी पुढून घसरतेय असं वाटलं तर एक-दोन पीएसआय सोडा. एकदम सात-आठ सोडू नका. साध्या टायरची भिंत लवचिक असते, हवा कमी पडली तर टायर कडेवर लोळतो. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढा आणि फेरी मारून बघा. खडू भिंतीपर्यंत पुसला गेला असेल तर हवा कमी आहे. संध्याकाळी टायर निवले की पुन्हा भरायला विसरू नका, कारण सोडलेल्या हवेवर बंगळुरूपर्यंत जाणं बरं नव्हे. नायट्रोजनसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

टायरवाला गनने नट आवळतो तो अंदाजाने. टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याला नट घट्ट करून घ्या आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासा.

इंजिनाचं काम थोडक्यात. ऑइल आणि फिल्टर नवीन, पातळी वरच्या खुणेजवळ पण तिच्यावर नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, पातळी कमी असली की पंपाला हवा मिळते. कूलंट पुरेसं असावं, आणि रेडिएटरच्या जाळीतले चिखल-किडे हलक्या पाण्याने धुऊन काढावेत. टाकी निम्मी असू द्या. पाव टाकीच्या खाली वळणात पेट्रोल सरकून इंजिन दम तोडू शकतं. अॅव्हरेज निम्म्याहूनही खाली येईल, तेव्हा आसपासचा पंप आधीच बघून ठेवा.

मग गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, छत्री, पाण्याच्या बाटल्या, परफ्यूम, सगळं बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट आधी काढा, ती पेडलखाली गुंडाळली जाते. बाटली ब्रेकखाली गेली तर काय होतं ते सांगायला नको. डॅशबोर्डवर दुहेरी टेपने चिकटवलेले गणपती बाप्पाही त्या दिवसापुरते हॉटेलच्या खोलीत बसू द्यात. तापलेली टेप वळणात सुटते, आणि पायाशी आलेली मूर्ती उचलायला कोणीही वाकणारच. टो-हुक मात्र हाताशी ठेवा, तो बहुधा स्टेपनीच्या सामानात असतो आणि तेच सामान आपण बाहेर काढलेलं असतं.

तुमच्या बाबतीत : फुल-फेस हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पातळ तळव्याचे बंद बूट. कोल्हापुरी पायताण पॅडॉकमध्ये मिरवायला ठीक आहे. सीट इतकी पुढे घ्या की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर येईल.

सेशनची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, वरच्या गिअरात, हळू मारा. आत आल्यावर हॅंडब्रेक ओढू नका. मागचे ब्रेक तापलेले असतात आणि दाबून ठेवलेलं लायनर ड्रमवर चिकटू शकतं. चाकाला उटी लावा, इंजिन मिनिटभर चालू राहू द्या आणि ते बंद केल्यावर गाडी पहिल्या गिअरात ठेवा.

वाचलेल्या पैशांचं काय? आयोजकांकडे शेजारी बसणारा प्रशिक्षक मिळत असेल तर तो घ्या. आणि जायच्या आधी तुमच्याच कोल्हापुरात गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर दोन-चार रविवार काढा. वळणात शिरायच्या आधी ब्रेक संपवायचा, ही सवय तिथे अगदी स्वस्तात लागते.

प्रश्न : ट्रॅक-डेला शर्यत नसते, वेळही लावत नाहीत. मग तिथे अपघात झाला तर गाडीचा विमा लागू होतो ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : होतो असं धरून मुळीच चालू नका. खासगी गाडीची पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ असा भाग शोधा. भाड्याने देणं आणि मालवाहतूक यांच्या जोडीला आयोजित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर तिथे वगळलेले असतात. ‘आमची शर्यत नव्हती’ हा युक्तिवाद करता येईल, पण सर्वेअरपुढे ट्रॅकवर ठोकलेली गाडी उभी असेल तेव्हा तो कितपत टिकेल? शून्य-डेप्रिसिएशन घेतलंय म्हणून काही फरक पडत नाही, मूळ पॉलिसीच लागू नसेल तर जोडकलम कशाला लागणार. विमा कंपनीला ई-मेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कठड्याला लावलेल्या रंगाचे, वाकलेल्या कठड्याचे पैसे कोण देणार, हेही आयोजकांच्या फॉर्ममध्ये सही करण्याआधी वाचा. गाडीवर अजून कर्ज असेल आणि ती गेली तर हप्ते खिशातून भरता येणार नसतील, तर ती गाडी ट्रॅकवर नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझी गाडी कंपनी-फिटेड सीएनजी आहे. ट्रॅकवर पेट्रोलवर चालवली तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आयोजक घेतात का ते आधी विचारा. पण त्यांनी हो म्हटलं तरी माझं उत्तर नाही असंच आहे. टाकी फुटेल ही भीती यामागे नाही. 200 बारच्या दाबासाठी बनवलेलं ते सिलिंडर चांगलंच दणकट असतं. अडचण त्याच्या वजनाची आहे. डिकीत, मागच्या चाकांच्या जवळपास, कायमचं कित्येक किलो लोखंड बसलेलं असतं आणि पेट्रोलवर स्विच केल्याने ते उतरत नाही. नवख्या माणसाने वळणात दचकून अॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागे हे ओझं असेल तर शेपूट बाहेर फेकली जायला तेवढंच निमित्त पुरतं. सिलिंडर काढून नेण्याच्या फंदातही पडू नका, आरसी बुकावर इंधन सीएनजी लिहिलेलं असतं. एखाद्या मित्राच्या पेट्रोल गाडीत दोघांच्या नावाने नोंदणी होते का बघा. तीही होत नसेल तर या वेळी कार्टिंगवर भागवा.