मुंबई पाहायला निघण्यापूर्वी तिथी पाहा

सुटीत मुंबई पाहायला निघालात, तर बरोबर काय घ्याल? नकाशा, पाण्याची बाटली, खाण्याचा डबा. यांत आणखी एका गोष्टीची भर घाला. त्या दिवसाची तिथी पाहून ठेवा. विज्ञानाच्या मासिकात पंचांगाचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. मीही पूर्वी तसेच म्हटले असते. एका फजितीनंतर माझे मत बदलले.

काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांची सहल मुंबईला न्यायची होती. आम्ही घाटावरची माणसे, समुद्राची फारशी ओळख नाही. म्हणून आधीच्या रविवारी मी एकटाच जाऊन सारे पाहून आलो. सकाळी अकराला हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारा, समुद्रातून बांधलेला सुमारे अर्ध्या किलोमीटरचा रस्ता अगदी कोरडा होता. वहीत टिपून ठेवले, ‘अकरा वाजता हाजी अली, नंतर घारापुरी.’

पुढच्या रविवारी मुलांना घेऊन साडेदहाला दर्ग्यात पोहोचलो. सव्वा अकराला परतायला निघालो, तो रस्त्यावर पाणी! दोन धीट मुले पँट वर दुमडून निघालीच होती. तेवढ्यात एका वृद्ध कोळीबाबांनी त्यांना अडवले व मला म्हणाले, “मास्तर, आज पुनव हाय. बाराला भरती.” दीड वाजेपर्यंत आम्ही तिथेच अडकलो. घारापुरीची लाँच चुकली आणि लेणी पाहायची राहिली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझी चूक मुलांना भोवली.

चूक कोठे झाली?

घड्याळ सूर्यावर चालते. भरती मात्र मुख्यतः चंद्रावर चालते. पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा चंद्राला जवळ, म्हणून त्यावर ओढ जास्त. पलीकडील बाजूचे पाणी लांब, म्हणून त्यावर ओढ कमी. या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो. म्हणून भरती दिवसातून दोनदा येते.

पण पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला सुमारे 50 मिनिटे जादा लागतात. म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. आता सात दिवसांचा हिशेब करा. 7 × 50 = 350 मिनिटे, म्हणजे जवळजवळ सहा तास. भरती व ओहोटी यांतील अंतरही सुमारे सव्वासहा तासच! म्हणजे एका रविवारी ज्या वेळी ओहोटी, पुढच्या रविवारी त्याच वेळी भरती. मी अष्टमीला जाऊन आलो होतो आणि मुलांना नेले पौर्णिमेला. याहून वाईट दिवस निवडणे कठीण होते.

कारण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी काटकोनात असतात, तेव्हा पाणी कमी चढते. त्याला भांग म्हणतात. सूर्याचा भरतीवरील परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी आहे. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत सरासरी पावणेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगाला सुमारे दीड मीटर.

पाऊणपटीचा हिशेब

कोकणकिनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. चतुर्थी असेल तर 4 × ¾ = 3. भरती दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास, ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे.

पौर्णिमेला मात्र उत्तर सव्वाअकरा येते आणि कोळीबाबा तर बारा म्हणाले होते. असे का? तीस तिथींत भरती चोवीस तास मागे पडते. म्हणजे एका तिथीला 48 मिनिटे. आपण धरली 45. रोजची तीन मिनिटे साठून पंधराव्या तिथीला पाऊण तास होतो. सोप्या आडाख्यात एवढी चूक राहणारच. शिवाय किनाऱ्याच्या आकारामुळे प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. हा आडाखा मुंबई व आसपासचा. तो कोलकात्याला चालणार नाही.

काय केव्हा पाहावे?

हाजी अली ओहोटीला पाहावे. अलिबागचा कुलाबा किल्लाही तसाच. ओहोटीला चालत जाता येते, भरतीला त्याच्याभोवती पाणी असते. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी येतात. पूर्ण ओहोटीला ते दूरवर चिखलात पांगतात, पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. म्हणून मधली वेळ धरावी. मरीन ड्राइव्हच्या लाटा पावसाळी उधाणाला भव्य दिसतात, पण त्या कठड्यापासून दूर राहूनच पाहाव्यात. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते आणि वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर पाणीही माणसाला पाडू शकते, ते यामुळेच. ती दोन मुले पुढे गेली असती तर, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

भरतीचा हिशेब साऱ्या शहरालाच करावा लागतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी भरती होती. समुद्रच चढलेला असल्यावर गटारांचे पाणी जाणार कोठे?

करून पाहा

पंचांगातून पंधरा दिवसांच्या तिथी उतरवा व पाऊणपटीने भरतीच्या वेळा काढा. शेजारी मुंबईच्या भरतीच्या अधिकृत वेळा लिहा. फरक किती पडतो, कोणत्या तिथीला जास्त पडतो, ते पाहा. पाण्याजवळ जायचे असेल, तेव्हा मात्र अधिकृत वेळच माना आणि तिथल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आमची घारापुरी पुढच्या वर्षी झाली. वहीत त्या दिवसाची तिथी मुलांनीच लिहून आणली होती.