बांधीतला भात, बांधीतली डाळ

अर्जुनी-मोरगाव

चि. बाबू,


काल तुझ्या आईचा फोन आला होता. तू मेस सोडलीस, घरमालकांना खोलीत अंडी-मासे चालत नाहीत, दूध प्यालास की पोट बिघडतं, आणि म्हणून सकाळी ब्रेड, दुपारी समोसा, रात्री पाकिटातल्या नूडल्स असं चाललंय, हे तिच्याकडून कळलं. पहाटे पोलीस भरतीसाठी ग्राउंडवर धावायचं, मग कॉलेज, मग रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका. यात स्वयंपाक करू कधी, असं तू तिला विचारलंस म्हणे. प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून सवडीने बसून लिहिते आहे, तूही सवडीने वाच.

मांस, अंडी, दूध वजा केलं की ताटात काही उरतच नाही असं तुला वाटतंय. आपल्या मुलखात तसं वाटणं साहजिक आहे. गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचा प्रदेश, आणि तलाव म्हटला की मासळी आलीच. पण तू वाढलास त्या बांधीकडे एकदा नीट बघ. पावसाळ्यात बांधीत धान असतं तेव्हा धुऱ्यावर तुरी उभ्या असतात. धान पिवळं पडायला लागलं आणि मातीत अजून ओल आहे, तोवर त्याच उभ्या पिकात तुझे बाबा लाखोळी नाहीतर जवस फेकून पेरतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. धान कापून नेलं की खालची रोपं मोकळी होतात आणि उरल्यासुरल्या ओलीवर पिकतात. लहानपणी या उतेऱ्याच्या लाखोळीतून शेंगा तोडून खाल्ल्या आहेस तू. भात आणि डाळ आपल्याकडे एकाच शेतात पिकतात, एकाच घरात येतात. गोंदियाला जाताना मात्र तू तांदळाचं पोतं नेलंस आणि डाळ घरीच राहिली. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे बाबू: भाताला डाळ सोडू नकोस. बाकी सगळं मागून जमतं.

अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून मी या तालुक्यात गावोगाव फिरले, आणि ताटात भाताचा डोंगर अन् वर चमचाभर पातळ वरण हे घरोघर पाहिलं. पोट भरतं, अंग भरत नाही. याचं कारण तुझ्या विज्ञानाच्या पुस्तकात सापडेल. तांदळातल्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते तांदळातून मिळतं. दोन्ही जोडीने खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था धान्य आणि डाळ यांचं प्रमाण कच्च्या वजनात तीनास एक ठेवायला सांगते. तुला वजनकाटा नको, वाटी पुरे. तीन वाट्या तांदूळ लागत असतील तर एक वाटी डाळ त्याच दिवशी पोटात गेली पाहिजे. मेसमधलं ताटाचा तळ दिसणारं वरण मी यात धरत नाही.

ग्राउंडवरची पोरं तुला सांगत असतील की अंडी आणि पावडरीवाचून दम टिकत नाही. चल, हिशेब करू. तुझं वजन साठ किलोच्या आसपास असेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे तुला साधारण 50 ग्रॅम. दिवसाला 300 ग्रॅम तांदूळ खाल्लास तर 22 ग्रॅम तिथेच आली. 80 ग्रॅम डाळीतून 17, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम फल्लीदाण्यांतून 7, आणि तेवढ्याच फुटाण्यांतून 6. झाली पन्नासच्या वर. तू रोज धावतोस, तुला यापेक्षा जास्त हवीत हे मलाही मान्य आहे. त्यासाठी सोयाबीन वडी आण. कोरड्या वडीत निम्म्याहून थोडी जास्त प्रथिनंच असतात, त्यामुळे 25 ग्रॅम वडीतून 13 ग्रॅम मिळतात. गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कांदा आणि भेदरं (टोमॅटो) घालून परतली की भाजी तयार. पावडरीच्या डब्याला पैसे घालवू नकोस. त्या पैशात महिन्याची डाळ, फल्लीदाणे आणि तेल येऊन वर उरतील.

आता वेळेचं. तुझ्याकडे एक शेगडी आणि तीन लिटरचा कुकर आहे, तेवढं पुरेसं आहे. रात्री अभ्यासिकेतून आलास की अंथरुणावर पडण्याआधी उद्यासाठी काहीतरी भिजत घाल: एक दिवस हरभरे, एक दिवस मूग, एक दिवस फल्लीदाणे. सगळ्या स्वयंपाकाची मेख या एका सवयीत आहे. सकाळी ग्राउंडवरून आलास की आधी कुकर लाव आणि मग आंघोळीला जा. खाली तूरडाळ, भिजलेले दाणे, चिरलेला पालक, एक भेदरं, हळद. वरच्या डब्यात तांदूळ. तीन-चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. कपडे घालेपर्यंत वाफ जिरते. मग पळीभर तेलात मोहरी, ठेचलेला लसूण आणि दोन लाल मिरच्या घालून फोडणी दे. ही आपली डाळ-भाजी. अर्धी तेव्हाच खा, अर्धी डब्यात भरून कॉलेजला ने. मूग भिजवलेले असतील तर सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेव. संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात, उन्हाळ्यात तर लवकरच. रात्री आल्यावर कांदा-मिरचीवर परतून भातासोबत खायला दहा मिनिटं लागत नाहीत. झुणक्यालाही तेवढाच वेळ. बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच, हे विसरू नकोस.

रविवारी मात्र गोळा-भात कर. तुझी आजी करायची तसा सांगते, कारण हा एक पदार्थ हाताला बसला की चार मित्र जेवायला आले तरी तू डगमगणार नाहीस. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा मी पाठवते आहे. दीड वाटी भरडा घे. त्यात तिखट, हळद, मीठ, तळहातावर चोळलेला ओवा, बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर) आणि दोन चमचे तेल घाल. पाणी एकदम ओतू नकोस, हाताने शिंपडत जा. मूठ वळली की ती आपोआप सुटू नये, इतपत ओल हवी. पंधरा मिनिटं झाकून ठेव म्हणजे भरडा फुगतो. मग लिंबाएवढे गोळे घट्ट दाबून वळ. एकीकडे गंजात भात लाव. वर अजून थोडं पाणी खदखदतंय आणि दाणा बोटात दाबला तर मधली कणी लागते, अशा वेळी गोळे भातात अलगद खुपस आणि भातानेच झाक. आच अगदी मंद कर, झाकण घाल, पंधरा-वीस मिनिटं त्याला हात लावू नकोस. एक गोळा फोडून बघ. आतून कच्च्या बेसनाचा वास आला तर वरून पाण्याचा हबका मारून आणखी पाच मिनिटं ठेव. वाढताना गोळा भातावर कुस्करायचा, आणि लसूण, हिंग, लाल मिरचीची कडकडीत फोडणी वरून घ्यायची. इथे तेलाला हात आखडू नकोस, कोरडा गोळा घशाखाली उतरत नाही. वर लिंबू पीळ. चिंचेचं सार जमलं तर फारच छान.

भाजीसाठी फार डोकं शिणवू नकोस. बाजारात खेड्यांवरून आलेल्या बाया वाटे लावून बसतात, त्यांच्यापुढे त्या ऋतूचं जे असेल ते घे. पहिल्या पावसानंतर तरोट्याचा कोवळा पाला येतो, मग वास्ते, काटवल. थंडीत पालक, हरभऱ्याचा आणि लाखोळीचा पाला, पोपटाच्या शेंगा. मुनग्याचा पाला तर कुणाच्याही परसातून मागून आणता येतो. मूठभर डाळीतच टाक, वेगळी भाजी करायलाच नको. या पाल्यातलं आणि डाळीतलं लोह अंगी लागायला आंबट सोबत लागतं, म्हणून रोज जेवताना अर्धं लिंबू. आणि चहा जेवणाला लागून घेऊ नकोस, तो लोह शोषू देत नाही. तासाभराचं अंतर ठेव. अभ्यासिकेखालची टपरी तासाभराने कुठे पळून जात नाही.

एका बाबतीत मला तुझी काळजी वाटते, ती स्पष्टच लिहिते. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच येतं, आणि नेमकं हेच सगळं तुझं बंद झालं आहे. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात एक वेगळा दाणा मिसळून आला. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 घातलेलं असतं. गावात तो प्लास्टिकचा तांदूळ आहे अशी आवई उठली होती, आणि बाया सुपात घोळून तेवढेच दाणे वेचून फेकताना मी पाहिल्या आहेत. तो दाणा तांदळाच्याच पिठाचा असतो. तुझ्या तांदळात असेल तर तू तो वेचू नकोस, आणि भाताचं पाणीही काढून टाकू नकोस. तरी त्यावर भागेल असं समजू नकोस. किलोभर तांदळात त्यातून जेमतेम 1 मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-12 येतं, आणि तुझी रोजची गरज 2 च्या वर आहे. दूध पचत नसलं तरी पुष्कळांना दही-ताक सोसतं. थोडं घेऊन बघ, मालकांची त्याला हरकत नसणार. तेही नको असेल तर सरकारी दवाखान्यात एकदा रक्त तपासून घे आणि डॉक्टर सांगतील तशी गोळी सुरू कर. ही गोष्ट लांबणीवर टाकायची नाही. कमतरता हळूहळू येते, पण हातापायाला मुंग्या आणि थकवा सुरू झाला की धावणंही गेलं आणि अभ्यासही.

लाखोळीच्या डाळीबद्दलही विचारशीलच. तिच्यामुळे पाय लुळे पडतात हे तू ऐकलं असशील, आणि ते खोटं नाही. दुष्काळात महिनोन्‌महिने माणसं जवळजवळ तीच खाऊन राहिली, तेव्हा लोक खरोखर अपंग झाले. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली ती त्यामुळेच, पुढे महाराष्ट्राने ती उठवली. आपल्या घरी ती अजून शिजते, पण रीत सांभाळून: उकळत्या पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकून द्यायचं, पुन्हा धुवायची आणि तूरडाळीत मिसळून शिजवायची. अधूनमधून सणासुदीला ठीक आहे. एकट्याने रोज शिजवायला तूर, मूग, हरभरा आणि मसूर आहेत, तेवढ्यांवरच राहा.

उन्हाळा आला की एक पथ्य पाळ. आपल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि पत्र्याच्या खोलीत सकाळचा भात रात्रीपर्यंत ठेवला तर तो आंबतो, नुसता वासावरून नेहमी कळतही नाही. पुन्हा गरम केलं म्हणून त्यातलं विष जातं असं नाही. त्या दिवसांत एका वेळेपुरताच भात लाव. रात्री उशीर झाला तर मुरमुरे, फुटाणे, कांदा, भेदरं आणि लिंबू कालवून खा, पण पाकीट फोडू नकोस.

परीक्षेच्या आठवड्यात तू कुकरही लावणार नाहीस, हे मी गृहीत धरलंय. त्यासाठी आधीच्या रविवारी फुटाणे आणि भाजलेले फल्लीदाणे एका डब्यात भरून टेबलावर ठेव, बॅगेतही एक पुडी असू दे. तलावातले शिंगाडे बाजारात आले असतील तर उकडून घे. सोलत सोलत वाचता येतं. आणि दिवसातून एकदा तरी डाळ-तांदूळ एकत्र टाकून खिचडी लावच, तिला शिट्ट्या मोजण्यापलीकडे काही लागत नाही.

तुझे बाबा रविवारी बल्लारशाकडून येणाऱ्या गाडीने गोंदियाला येत आहेत. त्यांच्याजवळ पाच किलो तूरडाळ, दोन किलो भरडा, फल्लीदाणे आणि मुनग्याच्या वाळलेल्या पाल्याची पुडी देते आहे. जवसाची चटणीही आहे, लाल मिरची आणि लसूण घालून कुटलेली. ती मुद्दाम थोडी दिली आहे, कारण भाजलेला जवस फार दिवस ठेवला की खवट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेव. संपली की आईला फोन कर, मी पुन्हा कुटून देईन. आणि गोळा-भात केलास की मला सांग गोळे फुटले का. फुटले असतील तर पुढच्या वेळी पाणी कमी शिंपड आणि जोर लावून वळ.

तुझी
आत्या