फॉरमॅट करायच्या आधी माझं ऐक

हे बघ, तो पेनड्राइव्ह आधी बाजूला ठेव. सगळं पुसून आर्च लिनक्स पुन्हा टाकायचं तुझ्या मनात आलंय, हे तुझ्या मेसेजवरूनच कळलं मला. नको गं. तू परत तीच पॅकेजं घेशील, परत तेच विसरशील आणि पहाटे तीन वाजता परत तीच काळी स्क्रीन समोर येईल. चहा टाक, बस, आणि मी सांगते तसं कर.

खरं सांगू का, तुझ्या सिनॅमन डेस्कटॉपला बहुतेक काहीच झालेलं नाही. ते मुळात लिनक्स मिंटचं. २०११ साली गनोम ३ आलं, ते पुष्कळांना अजिबात रुचलं नाही, तेव्हा मिंटच्या क्लेमाँ लफेव्र यांनी गनोमचाच कोड घेऊन वेगळी चूल मांडली. मटरचं मफिन झालं, नॉटिलसचं निमो झालं. आता मिंटचा पाया म्हणजे उबुंटूची एलटीएस आवृत्ती; मिंट २२ च्या खाली उबुंटू २४.०४ आहे. तिथे पायथन, जीटीके वगैरे मोठे बदल न होता एका जागी राहतात आणि सिनॅमनची परीक्षा त्यांच्यावरच होते. आर्चवर मात्र ही मंडळी सतत पुढे पळत असतात. म्हणून कधीतरी खटका उडतो, आणि त्यात तुझा काही दोष नसतो.

पण तुझ्या बाबतीत मला दुसराच संशय आहे. भाड्याचं घर बदललं की पहिल्या संध्याकाळी कळतं ना, की पडद्यांचे रॉड आपले नव्हतेच, घरमालकाचे होते! तुझ्या जुन्या मिंटने असं पुष्कळ काही न सांगता लावून दिलेलं असतं. आर्चवर सिनॅमन नावाचं पॅकेज घेतलंस की सिनॅमन येतं, बाकीचं तू लावायचं. लॉगिनचा पडदा त्यात नाही. टर्मिनलसुद्धा नाही. मिंटच्या हिरव्या थीम आणि आयकॉनही नाहीत, त्यामुळे ते जरा भकास दिसतं. पण दिसण्याचं नंतर बघू, आधी ते उभं तर राहू दे.

पहिलं काम, ते नक्की कुठे अडतंय ते बघ. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाब. काळ्या पडद्यावर लॉगिन मागेल, नाव आणि पासवर्ड दे. आत गेलीस ना? मग तुझा लॅपटॉप जिवंत आहे, फायली सुखरूप आहेत, आणि रडारड बंद. फक्त वरचा मजला उभा राहिला नाहीये.

लॉगिनचा पडदाच येत नसेल तर सिनॅमनचा विचारही करू नकोस, तिथपर्यंत आपण पोचलेलोच नाही. संशयित एकच, लॉगिनचा पडदा आणणारा लाईटडीएम. त्याच्यासोबत दिसणारा चेहरा, म्हणजे ग्रीटर, वेगळा घ्यावा लागतो हे कित्येकींना माहीतच नसतं. आणि खरी गंमत पुढे आहे. मिंटसारखं दिसावं म्हणून तू स्लिक ग्रीटर घेतला असशील, तर लाईटडीएमला ते आपोआप कळत नाही. तो आपला जीटीके ग्रीटर शोधत बसतो, तो सापडत नाही, मग हात टेकतो. ईटीसीमध्ये लाईटडीएमच्या फोल्डरात त्याची कॉन्फ फाईल आहे, तिच्यात सीटच्या विभागाखाली ग्रीटर-सेशनची ओळ शोध आणि तिथे स्लिक ग्रीटरचं नाव लिही. ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढायला विसरू नकोस. मी विसरले होते, आणि बिचाऱ्या ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला अर्धी रात्र शिव्या घातल्या होत्या. एक्सऑर्ग सर्व्हर आहे ना, तेही बघून घे. तरीही पडदा एकदा येतो, एकदा येत नाही असं चाललं असेल, तर लॅपटॉप फार चपळ आहे असं समज: ड्रायव्हर जागा व्हायच्या आत लाईटडीएम दारात उभा राहतो. त्याच फाईलमध्ये वरच्या विभागात लॉगइनडी-चेक-ग्राफिकल नावाची ओळ आहे, तिच्यापुढे ट्रू कर. नेमकी तक्रार काय ते व्हार-लॉगमधल्या लाईटडीएमच्या नोंदीत लिहिलेलं असतं. वाच बरं का ते. आपण बायका डब्यावरची एक्सपायरी वाचतो, मग लॉग वाचायला काय होतंय?

आता पासवर्ड दिला, क्षणभर काळं झालं आणि परत लॉगिनवरच आलीस, किंवा ‘सिनॅमन क्रॅश झालं, फॉलबॅक मोड चालू आहे’ अशी चौकट आली, तर पुढचा मजला. इथे मला तुझी एक गोष्ट माहितेय. तू मिंटवरचं होम फोल्डर जसंच्या तसं उचलून आणलंस, हो ना? लपलेल्या फोल्डरांसकट? अगं, त्यात जुने अ‍ॅपलेट आहेत, एक्सटेन्शन आहेत, मिंटच्या थीमची नावं आहेत, आणि त्यातलं अर्धं आर्चवर अस्तित्वातच नाही. खात्री करायची सोपी युक्ती सांगते: दुसरा वापरकर्ता तयार कर, कोऱ्या होम फोल्डरचा, आणि त्याच्या नावाने आत जा. तिथे सगळं छान चाललं तर सिस्टम ठणठणीत आहे, सामान खराब आहे. तिथेही तेच झालं तर तुझ्या फायली निर्दोष.

सामान खराब निघालं तर झाडू घेऊन सगळं पुसायला जाऊ नकोस. डीकॉन्फची अख्खी फाईल उडवतात काही जण, आणि मग बाकीच्या अ‍ॅपच्याही सेटिंग जातात. आधी डीकॉन्फ डंप वापरून ओआरजी-सिनॅमन एवढाच भाग एका फाईलमध्ये काढून ठेव, मग तेवढाच भाग रिसेट कर. लोकल-शेअरमधल्या सिनॅमन फोल्डरचं फक्त नाव बदल. चालू झालं की अ‍ॅपलेट एकेक करून परत आण, गुन्हेगार आपोआप सापडतो. डेस्कटॉप समोर असेल तर ऑल्ट-एफ२ दाबून ‘एल’, ‘जी’ ही दोन अक्षरं टाक. लुकिंग ग्लास उघडतं, आणि कोणत्या अ‍ॅपलेटने तोंड वाकडं केलंय ते त्यात दिसतं. सगळं गोठलं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एस्केप. सिनॅमन नव्याने उठतं आणि उघड्या खिडक्या जागच्या जागी राहतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

पंखा भणभणतोय आणि खिडकी सरकवताना अडखळते? मग जीएलएक्सइन्फो चालवून बघ. त्यात एलएलव्हीएमपाइप असं नाव आलं तर चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्ड करतच नाहीये, ते बिचाऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात पडलंय. म्हणजे ड्रायव्हर बघायचा, सिनॅमनच्या सेटिंगमध्ये बोटं घालायची नाहीत.

बाकीच्या तक्रारी किरकोळ, भराभर उरकू. वायफाय दिसत नाही? नेटवर्कमॅनेजर आलाय पण त्याची सर्व्हिस कुणी सुरू केलेली नाही. ब्लूटूथचं तेच, प्रिंटरसाठी कप्सचंही तेच. निमोमध्ये ‘टर्मिनलमध्ये उघडा’ म्हटलं तर काहीच होत नाही, कारण ते गनोम टर्मिनल शोधतंय आणि तू दुसरंच काहीतरी घेतलंयस. एखादं अ‍ॅप उघडायला दर वेळी साधारण २५ सेकंद लागत असतील तर कुणीतरी डीबसवर उत्तराची वाट बघून कंटाळतंय. बहुतेक वेळा एक्सडीजी पोर्टल. सिनॅमनसाठी एक्सअ‍ॅपचं पोर्टल असतं, ते घे आणि मागे राहिलेलं गनोमचं असलं तर काढ. मराठीच्या जागी चौकोन दिसत असतील तर नोटो फॉन्ट घातलेले नाहीत, दुसरं काही नाही. टाइप करायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी कगप फोनेटिक लेआउट आहे, त्याला आयबसच्या भानगडीची गरज नाही.

आणि टाइमशिफ्ट घेतलंस हे छान केलंस, पण आर्चवर त्याचे ठरल्या वेळेचे बॅकअप क्रोनी चालू केल्याशिवाय होत नाहीत. बघ, परत पडद्याचा रॉड!

काल चालत होतं आणि आज अपडेटनंतर बंद पडलं, असं झालं तर मात्र गोष्ट वेगळी. पॅकमॅनच्या लॉगमध्ये काल काय काय बदललं त्याची जंत्री आहे. सिनॅमनची सेटिंगची खिडकी उघडत नसेल तर ती टर्मिनलमधून चालव. ती पायथनमध्ये लिहिलेली आहे, त्यामुळे मोड्यूल सापडत नाही असं स्पष्ट सांगते. पायथनची मोठी आवृत्ती बदलली की एयूआरमधून घेतलेली पॅकेजं पुन्हा बांधावी लागतात. सिनॅमनच मागे न्यायचं असेल तर पॅकमॅनच्या कॅशमध्ये जुनी पॅकेजं पडून असतात, पण सिनॅमन, मफिन आणि सीजेएस एकत्र मागे ने, एकट्याला नको. आणि हो, अर्धवट अपडेट कधीच नाही. एक पॅकेज हवं म्हणून नुसती यादी ताजी करून तेवढंच घेणं, ही आर्चवरची सगळ्यात महागडी काटकसर आहे.

प्रबंध जमा करायची तारीख जवळ असेल तर, खरं सांगू का, सरळ मिंट टाक. फेडोराचा सिनॅमन स्पिनही चांगला आहे. आर्च सुट्टीत पुन्हा करता येईल, आणि तू ते करशील हे मला माहितेय. जी मुलगी एकटीने पार्टिशन पाडते तिला ग्रीटर काय अडवणार?

आज रात्री एवढंच कर: एफ३ वर जा, लाईटडीएमची फाईल तपास, नवा वापरकर्ता करून बघ. नाहीच जमलं तर ह्या बूटचा जर्नल एका फाईलमध्ये घेऊन ती मला पाठव. फाईल म्हणतेय मी. स्क्रीनचे तिरके फोटो पाठवू नकोस गं, मागच्या वेळी तुझ्या ट्यूबलाइटच्या उजेडात एरर कुठे होती ते शोधता शोधता माझी भाजी करपली.